ग्रहणातलं गरम पाणी

सुमेधाला खोटं बोलता येत नसे. हा तिचा गुण म्हणून सांगत नाही. संत तुकाराम नगरातल्या तिच्या घरच्यांच्या दृष्टीने तो एक जुनाट आजार होता आणि त्यावर औषध सापडलेलं नव्हतं. वडिलांचे साहेब एकदा घरी आले, पोहे खाता खाता ‘झकास झालेत’ म्हणाले, तर ही सातवीतली पोर म्हणाली, ‘मीठ जास्त झालंय. तुम्ही दोनदा पाणी मागितलंत.’ वडील, नंदकिशोर, पिंपरीच्या एका कंपनीत तपासणी खात्यात होते. दिवसभर गेज लावून माल नापास करायचा हे त्यांचं काम. ‘मी माझं काम कंपनीत ठेवून येतो, हिने ते घरी आणलं,’ असं म्हणून ते कपाळाला हात लावत. पुढे तिला बघायला आलेल्या मंडळींनी ‘हे संशोधन किती दिवस चालायचं?’ असं हसत हसत विचारलं, तेव्हा तिने ‘अजून बरीच वर्षं, लग्न झालं तरी’ असं सांगून टाकलं. मंडळींनी दुसरा चहा घेतला नाही.

संशोधन होतं उन्हाचं. विद्यापीठात प्रभाकर सरांच्या हाताखाली ती डॉक्टरेट करत होती. तांब्याच्या पत्र्यावर चढवायचा एक काळा लेप त्या दोघांनी तयार केला होता. साधा काळा रंग ऊन पितो खरा, पण प्यालेली उष्णता तितक्याच लवकर गमावतोही. आमचा लेप ती धरून ठेवतो, असं सरांचं म्हणणं. पत्र्याला नळ्या जोडायच्या, वर काच लावायची, सगळं एका लाकडी पेटीत बसवायचं आणि पेटीच्या वरच्या अंगाला गोणपाटात गुंडाळलेली टाकी ठेवायची. नळ्यांतलं पाणी तापलं की आपसूक टाकीत चढतं, टाकीतलं थंड पाणी खाली उतरतं. पंप नको, वीज नको. अशी एक पेटी विद्यापीठाच्या गच्चीवर होती, साध्या काळ्या रंगाची. दुसरी, लेपाची, चाकणजवळ महाळुंग्याच्या प्रसूतिगृहाच्या छपरावर बसवली होती, कारण रोज गरम पाणी लागतं अशाच जागी तिची खरी परीक्षा होणार होती. कागदोपत्री तिचं नाव ‘सोलर कलेक्टर’. आमच्या गावात कलेक्टर आला आणि थेट छपरावर चढून बसला, असं म्हणून गावाने महिनाभर करमणूक करून घेतली.

खाली शालनबाई होत्या. कोकणातून नोकरीपायी आलेल्या, पन्नाशीच्या नर्सबाई. दोन खोल्या, दोन खाटा आणि एक आया, एवढ्यावर त्या आसपासच्या गावांतली बाळंतपणं करत. पूर्वी मागच्या अंगणात तांब्याचा मोठा बंब पेटायचा. पेटी चालू झाली आणि सुमेधाने आग्रह धरून तो बंब तिथून उचलून न्यायला लावला. ‘आता याची गरज पडणार नाही,’ ती म्हणाली होती. तिला तसं खरंच वाटत होतं.

शंका काढणारे विद्यापीठातही होतेच. उष्णता धरून ठेवतो तो तुमचा लेप, की वरची काच? याचा निकाल लागायचा तर ऐन उन्हात सूर्य काढून घ्यायला हवा आणि दोन्ही पेट्या कशा निवतात ते पाहायला हवं. कापड टाकून भागत नाही, कापड स्वतःच ऊब धरतं. सूर्यच हटला पाहिजे, आणि तो कुणी हटवायचा? ऐंशी सालच्या फेब्रुवारीत तो योग आला. सूर्यग्रहण, तेही भर दुपारी, ढग नसतात अशा दिवसांत. पुण्याकडे सूर्याची कोर तेवढी उरणार होती. विद्यापीठाच्या गच्चीवर साधी पेटी घेऊन सर बसणार होते, महाळुंग्याला लेपाची पेटी घेऊन सुमेधा. अट एकच होती. त्या दुपारी टाकीतलं पाणी हलता कामा नये. तांब्याभर जरी काढलं तरी तेवढं थंड पाणी आत येणार आणि दोघांची मोजणी मातीत जाणार. असं ग्रहण पुन्हा आपल्या वाट्याला कधी येईल, आलं तरी तेव्हा आपण कुठे असू, हे तिने स्वतःला इतक्यांदा विचारलं होतं की आदल्या रात्री तिला धड जेवण गेलं नाही.

ग्रहणाच्या दिवशी एसटीचा भरवसा नाही म्हणून ती आदल्या दिवशीच शालनबाईंकडे मुक्कामाला आली होती. सकाळी छपरावर गेली आणि पाहते तर पत्रा नको तितका तापलेला आणि टाकी मात्र थंडगार. पाणी फिरतच नव्हतं. तिने टाकीचं झाकण काढलं, खांद्यापर्यंत हात आत घातला, तर बोटांना लागली पानं. तुळशीची पानं, चांगली मूठभर. ती जाऊन खालच्या नळीच्या तोंडाशी बसली होती.

‘शालनबाई!’

शालनबाई जिन्यात आल्या. त्यांना काही लपवायचं नव्हतं. ‘अगो, ग्रहणाचं पाणी ना ते. घरच्या हंड्यात घातली, पिंपात घातली, मग तुझ्या टाकीतच का नको? बाळंतिणींचं पाणी आहे.’

‘तुम्ही नर्स आहात!’

‘नर्स आहे म्हणूनच. उद्या कुणी म्हटलं की बाईने ग्रहणातलं पाणी वापरलं, तर माझ्याकडे बाळंतपणाला कोण येईल?’

सुमेधाने ओंजळ भरभरून पानं बाहेर काढली आणि छपराच्या कडेवरून खाली भिरकावली. तोंडाने काय काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. अडाणीपणा हा त्यातला सौम्य शब्द. शालनबाई खाली गेल्या. मग सुमेधाने आणखी एक काम केलं. खाली खोलीकडे जाणाऱ्या नळाचा वरचा कॉकच फिरवून बंद करून टाकला. आता कुणी नळ सोडला तरी थेंब येणार नव्हता. दुपारपर्यंत पाणी पुन्हा फिरू लागलं, टाकी तापली आणि तिचा जीव जरा भांड्यात पडला.

दुपार कलायला लागली तसं गाव सामसूम झालं. दारं लागली, खिडक्यांवर गोधड्या पडल्या. चुली विझवून सारवून ठेवलेल्या. आया सकाळीच सांगून गेली होती, ‘आज मी यायची न्हाई.’ सूर्याच्या कडेला पहिला डाग लागला. काजळी धरलेल्या काचेतून सुमेधाने तो पाहिला आणि तापमापकांच्या समोर मांडी ठोकून बसली.

तेवढ्यात रस्त्यावर चाकांचा आवाज आला.

अशा वेळी कोण बाहेर पडलं, म्हणून ती कडेशी आली. शेजारच्या निघोज्याच्या बाजूने एक बैलगाडी येत होती. गाडीत घोंगडीखाली कुणीतरी तळमळत होतं आणि त्या घोंगडीवर स्वतःचा पदर धरून एक बाई ओणवी बसली होती, उन्हाचा कवडसाही आत जाऊ नये म्हणून. मागून एक म्हातारा काठी टेकत, ओरडत येत होता.

ती सावित्रीबाई. घोंगडीखाली तिची सून नीला, आठवा महिना लागलेली आणि कळा सुरू झालेल्या. मुलगा पिंपरीला कंपनीत फर्स्ट शिफ्टला. मागून येणारे आबाजी, सावित्रीबाईचे चुलतसासरे, घरातला शेवटचा शब्द. भर ग्रहणात पोटुशी बाहेर काढायची नाही, असं त्यांनी दारात आडवं उभं राहून सांगितलं होतं. सावित्रीबाईने आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ओलांडलं होतं.

गाडी थांबली. सुनेला उतरवून आत नेताना सावित्रीबाई जिन्याच्या पायाशी क्षणभर थबकली, खाली पाहिलं आणि आत गेली. छपरावरून सुमेधाला एवढंच दिसलं. तिने त्याचा काही विचार केला नाही. ती पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली. खाली शालनबाई आहेत, ते त्यांचं काम, हे माझं काम, असं तिने मनाशी म्हटलं.

उजेड बदलत गेला. ऊन असूनही उन्हात दम राहिला नाही. जिन्याच्या सावल्या धारदार झाल्या, कावळे झाडाकडे परतू लागले. आणि तापमापकाचा पारा उतरत होता, पण हळू, अगदी हळू. लेप उष्णता सोडत नव्हता! आणखी थोडा वेळ. सूर्य कोरीएवढा होईल, मग परत वाढेल, आणि मग कुणी काही म्हणू शकणार नाही.

खालून नीलाची एक लांब किंकाळी आली, मग शांतता. ती शांतता जास्त वेळ टिकली. बाळाचं रडणं ऐकू आलं नाही.

‘सुमेधा!’ शालनबाईंचा आवाज. ‘अगो, कॉक सोड! गरम पाणी सोड आधी!’

इथे सुमेधा थांबली. किती वेळ, ते तिला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. फार नसेल, पण थांबली. पाऱ्याकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं. स्टोव्हवर होईल की, असं तिच्या मनात आलं. मग ती जिना उतरून दारात आली.

मुलगी होती. दोन्ही तळव्यांत मावेल एवढी, निळसर. शालनबाई तिची पाठ चोळत होत्या. कण्हल्यासारखा एक बारीक आवाज निघत होता, एवढाच जिवंतपणाचा पुरावा. शेजारी खाटेवर सलाईनच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या काढून ठेवल्या होत्या. बाटल्यांत गरम पाणी भरायचं, चिंध्यांत गुंडाळायचं आणि बाळाच्या दोन्ही अंगांना ठेवायचं. अपुऱ्या दिवसांचं मूल तेवढ्या उबेवर तगतं.

‘स्टोव्ह?’ सुमेधाने विचारलं.

‘हत्यारं उकळण्यात रॉकेल संपलं. रेशनवर आलंय कुठे? बंब तू न्यायला लावलास. गावात चूल कोण पेटवणार आता?’ शालनबाईंनी मान वर न करता सांगितलं. ‘पोर गार पडत्येय.’

त्या घटकेला आख्ख्या महाळुंग्यात गरम पाणी एकाच ठिकाणी होतं. सुमेधा वळली आणि जिन्याकडे धावली.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर आबाजी काठी आडवी धरून उभे होते. गलका ऐकून शेजारच्या घरांतल्या काही बायका दारं किलकिली करून पाहत होत्या.

‘त्ये पानी लेकराला लावायचं न्हाई,’ आबाजी म्हणाले. ‘गिराणात उघड्यावर राह्यलेलं पानी हाय त्ये.’

‘आजोबा, बाजूला व्हा. पोर मरेल.’

‘त्या पान्यानं मरंल! माज्या थोरल्याचं लेकरू असंच गेलं. गिराणातल्या पान्यानं न्हाऊ घातलं, तिसऱ्या दिशी गेलं. ह्या डोळ्यानं बघितलंय मी.’

सुमेधा बोलू लागली. चंद्राची सावली, त्याने पाण्याला काही होत नाही, हे सगळं तिने भराभर सांगितलं, आणि बोलता बोलता तिलाच कळत होतं की आपण भिंतीशी बोलतोय. म्हातारा दुष्टपणाने उभा नव्हता, भीतीने उभा होता, आणि भ्यालेल्या माणसाला बाजूला सारणं फार कठीण. ‘तुमची शाळा तुमच्यापाशी,’ तो म्हणाला. ‘लेकरू आमचं हाय.’ तिने त्याच्या बगलेतून पुढे घुसायचा प्रयत्न केला, तेव्हा काठी तिच्या छातीशी आली. आणि वर जाऊन कॉक सोडला तरी काय? खाली हा माणूस दारात उभा राहून बाटली हातातून पाडेल.

तेव्हा सावित्रीबाई दारात आली. हात रक्ताने भरलेले, पदर कमरेला खोचलेला. ती आबाजींकडे बघत नव्हती. सुमेधाकडे बघत होती. आणि शेजारच्या दारांपर्यंत जाईल अशा खणखणीत आवाजात तिने विचारलं, ‘ताई, तुमच्या टाकीत तुळस घातल्याली हाय का न्हाई?’

आबाजींची काठी जराशी खाली आली. तेही सुमेधाकडे बघू लागले.

सुमेधाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. तुळस! सकाळी याच हातांनी ओंजळी भरून फेकलेली. दारात सावित्रीबाईच्या मागे शालनबाईंचा चेहरा दिसला, पांढराफटक. इतकी वर्षं हिच्या जिभेवर जे आलं ते खरंच आलं होतं, पोह्यांच्या मिठापासून लग्नाच्या बोलण्यांपर्यंत. आताही ‘नाही’ हा शब्द ओठांपर्यंत आलाच होता.

‘आहे,’ ती म्हणाली. आवाज तिला स्वतःला परका वाटला, म्हणून पुन्हा म्हणाली, ‘आहे. सकाळी घातलीय. शालनबाईंनीच घातली.’

आबाजी बाजूला झाले.

ती दोन दोन पायऱ्या चढत वर गेली. सूर्याची अगदी नखाएवढी कोर उरली होती. पारा जिथे असावा असं तिने आणि सरांनी कित्येक महिने कागदावर मांडलं होतं, जवळजवळ तिथेच होता. तिने कॉक फिरवला. खाली नळाचा फसफसणारा आवाज आला, मग पाणी धरून आलं आणि शालनबाईंचं ‘आलं, आलं!’ ऐकू आलं. टाकी भरणाऱ्या वरच्या हौदातलं थंड पाणी आत शिरलं. पारा भराभर उतरला. सुमेधा त्याच्याकडे बघत उभी राहिली आणि तिला रडू आलं. पोरीसाठी की पाऱ्यासाठी, ते विचारायला जवळ कुणी नव्हतं.

बाटल्या भरल्या, निवल्या, पुन्हा भरल्या. ग्रहण सुटलं, गावात अंघोळींची गडबड उडाली, चुली पेटल्या आणि घराघरांतून गरम पाण्याच्या कळशा येऊ लागल्या. दिवेलागणीला ती निळी पोर लाल होऊन एकदाची रडली. शिफ्ट सुटून सायकल मारत आलेला तिचा बाप दारात सायकल टाकून आत धावला.

सोमवारी सुमेधाने प्रभाकर सरांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ‘ग्रहण परत मागवता येत नाही,’ एवढंच सर म्हणाले. रागावले नाहीत, आणि ते तिला जास्त लागलं. तो लेप चांगला होता हे सिद्ध करायला त्या दोघांना पुढे फार लांबचा वळसा घ्यावा लागला. डॉक्टरेट मिळाली तेव्हा ब्याऐंशी साल उजाडलं होतं. तोवर बघायला येणारी मंडळी यायची बंद झाली होती. नंदकिशोरांनी पेढे वाटले आणि पोहे कसे झालेत हे कुणाला विचारलं नाही.

पण ती पुढची गोष्ट. ग्रहणानंतर मार्च संपत आला तेव्हा सुमेधा महाळुंग्याला गेली होती. टाकीतल्या खालच्या नळीच्या तोंडाला तिला बारीक जाळी बसवायची होती. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही, शालनबाईंनी विचारलंही नाही. जाळीचा शेवटचा स्क्रू आवळत असताना जिन्यावर बांगड्या वाजल्या. सावित्रीबाई वर आली होती, काखेत टोपडं घातलेली नात. वजन करायला आणली होती.

‘बगा तुमची पोर. बारसं झालं. तुळसा नाव ठिवलं.’

सुमेधाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली आला. ‘तुळसा?’

‘आबाजींनी ठिवलं. तुळशीच्या पान्यानं वाचली म्हून. साऱ्या निघोज्याला सांगत सुटल्यात.’

गेला महिना-दीड महिना सुमेधा त्या एका शब्दापायी झोपली नव्हती. आता तो शब्द एका माणसाचं नाव होऊन समोर आला होता, टोपडं घालून, अंगठा चोखत. तिला ते सोसेना.

‘सावित्रीबाई, मी खोटं बोलले. टाकीत तुळस नव्हती. मीच सगळी काढून फेकली होती सकाळी. एक पानही नव्हतं.’

सावित्रीबाईने पोरीचं टोपडं सारखं केलं.

‘ठावं हाय मला,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘जिन्याच्या बुडाला पडली व्हती की सारी. सुकत आल्याली मूठभर पानं. सुनेला उतरवताना माज्याच पायाखाली आली. तवाच वळखलं, वरनं कुनीतरी फेकल्यात.’

‘मग विचारलंत कशाला?’

‘आबाजी आयकत व्हते. आयाबाया आयकत व्हत्या. मी बोलून कोन मानणार? त्यांना ओलांडून आलेली सून मी.’ सावित्रीबाई जरा हसली. ‘तुमच्या तोंडाकडं बगून मातुर जीव घाबरा झाला. म्हनलं, ही बाय आता न्हाई म्हनती का काय. शालनबाईंनी मागं सांगितलं व्हतं मला, त्या पोरीला खोटं येत न्हाई म्हून.’

सुमेधाने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. ‘पण नाव... नाव तरी कशाला ठेवू दिलंत?’

सावित्रीबाईचं हसू गेलं. तिने नातीला छातीशी धरलं. ‘ताई, गिराणात जलमलेली पोर ही. आठव्यातली, वरनं पोरगी. जलमभर लोक तोंडावर बोलले असते. घरात काय बी वंगाळ झालं की हिच्या नावानं खापर फुटलं असतं. आता? आता आबाजी तिला खांद्यावरनं खाली ठिवत न्हाईत.’

खालून काठी आपटल्याचा आवाज आला. आबाजी अंगणात गाडीपाशी उभे होते, डोळ्यांवर हात धरून वर बघत होते. दोन-तीन माणसं जवळ उभी होती. त्यांना ते काहीतरी रंगवून सांगत असावेत, कारण मध्येच थांबून त्यांनी हाक दिली, ‘ओ ताई! तवा किती तुळस व्हती वो टाकीत? ह्यांस्नी सांगा जरा, ह्यांचा इस्वास बसंना!’

सावित्रीबाईने सुमेधाकडे पाहिलं.

सुमेधा छपराच्या कडेशी गेली.

‘मूठभर होती, आबाजी,’ तिने ओरडून सांगितलं. ‘चांगली मूठभर होती.’